सलाईनचे उंदीर

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी नऊ दिवस मी एका मोठ्या शोधाची मालकीण होते. दहाव्या दिवशी शोध गेला. माझ्या गाइड मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, घरातल्या घरात गेला."

हॅलोपेरिडॉल हे स्किझोफ्रेनियावरचं जुनं, स्वस्त आणि अजूनही भरपूर वापरलं जाणारं औषध. आम्ही उंदरांना ते २१ दिवस रोज टोचलं. शेवटच्या इंजेक्शननंतर तासाभराने मेंदूतला स्ट्रायटम हा भाग काढला आणि त्यातला आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या उतरवलेल्या नकला, वाचला. कुठली जनुकं जास्त कामाला लागली आणि कुठली मंदावली, हे बघायचं होतं. आठ उंदीर औषधाचे, आठ सलाईनचे, म्हणजे तुलनेसाठी औषधाऐवजी मिठाचं पाणी टोचलेले. निकाल आला तेव्हा स्क्रीनवर ठिपक्यांचं कारंजं उसळलेलं आणि त्याच्या टोकाशी डीबीपी, पर-टू ही नावं. ही शरीराच्या रोजच्या घड्याळाची जनुकं. त्यांच्याही वर टीटीआर नावाचं एक जनुक एकटंच जाऊन बसलेलं. माझ्या डोक्यात प्रबंधाचं शीर्षकच तयार झालं. रुग्णांची झोप बिघडलेली असते, औषध घड्याळाच्या जनुकांना हात घालतं, आता फक्त दोन्हींची सांगड घालायची. मी आईला फोनसुद्धा केला.

लॅब मीटिंगला मॅडमनी पहिलीच स्लाइड बघून विचारलं, "सलाईनवाले किती वाजता केलेस?"

"सकाळी. साडेनऊ ते अकरा."

"आणि औषधाचे?"

दुपारी जेवून आल्यावर, दोन ते चार. सोपं काम आधी उरकावं म्हणून मी सलाईनचे सगळे उंदीर आधी केले होते. आमच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये दिवे सकाळी सातला लागतात. डीबीपी आणि पर-टू यांचा आरएनए मेंदूच्या बऱ्याच भागांत दिवस चढेल तसा वाढत जातो आणि संध्याकाळच्या सुमाराला वरच्या टोकाला पोचतो. माझ्या औषधाच्या उंदरांमध्ये तो जास्त दिसला, कारण ते चार-पाच तास उशिरा मेले होते. हॅलोपेरिडॉलचा त्यात हात असेलही, पण माझ्या प्रयोगातून ते कळायचा काही मार्गच नव्हता. एका गटाला सकाळ आणि दुसऱ्याला दुपार दिली, की दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा मिसळतात की कुठलंही सॉफ्टवेअर त्या वेगळ्या करू शकत नाही.

टीटीआरची कथा आणखी लाजिरवाणी. हे जनुक मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्सस नावाच्या झालरीसारख्या पडद्यात प्रचंड चालतं. मेंदूतलं पाणी बनवणारा हा पडदा स्ट्रायटमला लागूनच असलेल्या पोकळीत लोंबत असतो. कापताना त्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा जरी चिकटून आला, तरी त्या नमुन्यात टीटीआर शेकडो पटींनी वाढल्यासारखा दिसतो. माझ्या औषधाच्या आठांपैकी दोन नमुन्यांत तेच झालं होतं. दुपारी हात थकला होता.

तुम्ही या विषयात नवीन असाल, एमएस्सी झूलॉजी, बायोटेक, बी. फार्म किंवा एमबीबीएसकडून येत असाल, तर मनोविकारावरची औषधं मेंदूतली जनुकं कशी हलवतात हे शोधनिबंधांत सापडेल. तो फरक खरोखर औषधाचाच आहे हे कसं ओळखायचं, ते निबंधात फार कमी लिहिलेलं असतं. मी ते चुका करत शिकले, म्हणून चुकांच्याच वाटेने सांगते.

आधी थोडी औषधांची ओळख. क्लोरप्रोमाझिन फ्रान्समध्ये १९५० च्या डिसेंबरात तयार झालं. लाबोरी नावाच्या सर्जनने ते भूल देताना वापरून पाहिलं, आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात डिले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. हॅलोपेरिडॉल १९५८ चं, बेल्जियममधल्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेतलं. क्लोझापिन साधारण त्याच सुमाराचं, पण १९७५ मध्ये फिनलंडमध्ये काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी कोसळून मृत्यू झाले आणि ते मागे पडलं. १९८८ च्या एका अमेरिकी चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर ते चालतं असं दिसल्यावर ते परत आलं. आलं ते रक्ताच्या नियमित तपासणीची अट घेऊनच.

आपल्याकडची एक गोष्ट या यादीत अनेकदा राहून जाते. सर्पगंधा. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं होतं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचा आपला अनुभव छापला. तिच्यातलं रेसरपिन १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं आणि काही वर्षं मनोरुग्णांना दिलंही गेलं. ते डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे साठे रिकामे करतं. क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल साठ्याला हात लावत नाहीत, ते डोपामिन जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवतात. दोन निराळ्या वाटा डोपामिनपाशीच येऊन मिळतात, हा त्या काळातला मोठा धागा होता.

आता मुद्द्याचं. गोळी पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर बसते आणि जनुक तर केंद्रकाच्या आत. मग निरोप आत जातो कसा? हे एकदा हाताने कागदावर काढा. मी तीनदा काढलं तेव्हा डोक्यात बसलं.

स्ट्रायटममधल्या बहुसंख्य पेशी दोन जातींच्या, साधारण निम्म्या-निम्म्या. एकीवर डोपामिनचा डी-१ रिसेप्टर, म्हणजे डोपामिन बसायची जागा, दुसरीवर डी-२. डी-२ हा ब्रेक आहे. डोपामिन त्यावर बसलं की पेशीच्या आतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या कमी होतो. हॅलोपेरिडॉल डी-२ अडवतं, म्हणजे ब्रेकवरचा पाय उचलला जातो. सायक्लिक एएमपी वाढतो, पीकेए हे एन्झाइम जागं होतं, ते केंद्रकात क्रेब नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं आणि क्रेब काही जनुकं चालू करतं. सगळ्यात आधी उठतं ते सी-फॉस. त्याचा आरएनए अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर आणि प्रथिन तास-दोन तासांत. त्याच्या आगेमागे आर्क, ईजीआर-१, होमर-१ए. या मंडळींना तात्काळ उठणारी जनुकं म्हणतात. ती फार काळ टिकत नाहीत, पुढच्या जनुकांना उठवून स्वतः झोपतात.

पुढच्या फळीतलं माझं आवडतं जनुक पेन्क, म्हणजे एन्केफॅलिन बनवणारं. डी-२ अडवला की त्याच जातीच्या पेशींत पेन्क चढतं, आणि आठवडेच्या आठवडे औषध दिलं तरी चढलेलंच राहतं. सी-फॉसचं तसं नाही. पहिल्या इंजेक्शनला ते भडकतं, पण रोजच्या सवयीने त्याचा जोर ओसरतो. एक दिवसाचा प्रयोग आणि २१ दिवसांचा प्रयोग हे त्यामुळे दोन वेगळे प्रश्न आहेत. रुग्णाला बरं वाटायला काही आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र काही तासांत दिसू शकतात. त्यामुळे कुठल्याही निबंधात "हॅलोपेरिडॉलने अमुक जनुक वाढलं" हे वाक्य दिसलं की मी आधी किती दिवस दिलं ते शोधते. निम्म्या वेळा ते सारांशात नसतंच.

तिसरा प्रश्न, कुठे? १९९० च्या सुमारास एक सुंदर गोष्ट दिसली. हॅलोपेरिडॉल दिल्यावर सी-फॉस स्ट्रायटमच्या वरच्या भागात उजळतं, क्लोझापिन दिल्यावर तिथे जवळजवळ काही नाही, पण कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागात उजळतं. आणि न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्स या खालच्या कोपऱ्यात दोन्ही औषधांनी उजळतं. स्ट्रायटमचा वरचा भाग हालचालींचा. हॅलोपेरिडॉलने अंग आखडतं, क्लोझापिनने फारसं आखडत नाही, त्याच्याशी हे जुळतं. न्यूरोटेन्सिन या जनुकाचंही असंच: हॅलोपेरिडॉल दोन्हीकडे वाढवतं, क्लोझापिन फक्त अ‍ॅकम्बेन्समध्ये. हे कळल्यावर मेंदूचा तुकडा कुठून कापला याला किती किंमत आहे ते लक्षात येतं. एक मिलिमीटर खाली सुरी गेली तर तुमचं औषध दुसरंच कुठलं तरी वाटायला लागेल.

सगळंच डोपामिनवर ढकलू नका, एवढं मात्र सांगते. क्लोझापिन आणि त्याच्याच कुळातलं ओलान्झापिन डी-२ बरोबरच सेरोटोनिन, हिस्टामिन अशा कितीतरी दारांवर टकटक करतात. नॉर्वेतल्या बर्गनच्या एका गटाला २००५ मध्ये दिसलं की ताटलीत वाढवलेल्या पेशींत ही औषधं कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या जनुकांचा अख्खा ताफा चालू करतात. ताटलीत डोपामिन खेळवणारं कुणी नसतं, तरी जनुकं हलली. यकृतात, चरबीत हीच वाट चालत असेल तर या औषधांनी होणाऱ्या वजनवाढीशी तिचा काय संबंध, हा वेगळा आणि जिवंत विषय आहे.

डोस. यावर मी सहा महिने घालवले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. जुन्या निबंधांत उंदराला किलोमागे १ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल सर्रास दिलेलं आढळतं. माणसात मात्र साधारण ६५ ते ८० टक्के डी-२ रिसेप्टर अडले की औषध लागू पडतं, आणि त्याच्या वर गेलं की अंग आखडायला लागतं. टोरंटोच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की रॅटमध्ये, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरात, एवढंच अडवायला किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपासचं एकच इंजेक्शन पुरतं. १ मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या वीसपट. त्यात उंदीर-रॅटचं शरीर हे औषध काही तासांत धुऊन टाकतं, माणसात ते दिवसभर टिकतं. रोज एक इंजेक्शन म्हणजे प्राण्याच्या मेंदूत दिवसातून एकदा पूर आणि मग दुष्काळ. रुग्णाच्या मेंदूत असं होत नाही. खरं तर कातडीखाली बसवायचा छोटा पंप वापरावा. तो महाग असतो आणि आमच्या बजेटात बसला नाही. आम्ही डोस कमी केला आणि ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहिली.

डोस लागू पडतोय का हे बघायला बार टेस्ट करतात. उंदराचे पुढचे दोन पाय काही सेंटिमीटर उंचीच्या आडव्या दांडीवर ठेवायचे आणि तो ते किती वेळात खाली घेतो ते घड्याळ लावून मोजायचं. सलाईनचा उंदीर लगेच पाय काढतो आणि तुमच्याकडे रागाने बघतो. जास्त डोसवाला तसाच उभा राहतो, मिनिटभर, कधी त्याहून जास्त. डोळे उघडे, मिशा हलताहेत, पण पाय दांडीवरच. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बार्शीचे मामा आठवले. त्याबद्दल पुढे.

सलाईनचे उंदीर नुसत्या सलाईनचे नसतात, हे एक लक्षात ठेवा. हॅलोपेरिडॉल पाण्यात धड विरघळत नाही, त्यासाठी जरासं आम्ल घालावं लागतं. तेच आम्ल, तेवढंच, कंट्रोल गटाच्या सुईतही हवं. आणि सुईची भीती स्वतःच सी-फॉस उठवते. नव्या माणसाचा हात, नवा वास, पिंजरा हलवणं, सगळ्याने उठतं. म्हणून प्रयोगाआधी आठवडाभर रोज उंदरांना हातात घ्यायचं, खोटं इंजेक्शन द्यायचं, कंटाळा येईपर्यंत. त्यांना कंटाळा आला पाहिजे, तुम्हाला येतोच. आमच्या लॅबमध्ये एका मित्राने सुट्टीवर जाताना दोन दिवसांचं टोचायचं काम दुसऱ्याला दिलं होतं. त्या दोन दिवसांनंतरचे सी-फॉसचे आकडे अजून कुणाला समजलेले नाहीत.

परवानगीशिवाय यातलं काहीही करता येत नाही. भारतात सीसीएसईए ही केंद्रीय समिती आहे, जुने लोक अजून तिला सीपीसीएसईए म्हणतात. तिच्या नियमाने संस्थेची प्राणी-नीती समिती प्रत्येक उंदराचा हिशोब मागते: किती, का, कमी का चालणार नाहीत, वेदना कशी टाळणार. अर्ज मंजूर व्हायला महिने जातात. पीएचडीत आल्या आल्या पहिलं काम हेच करा, वाचन त्यानंतर.

आता आरएनए. तो कापरासारखा आहे. तो खाणारी एन्झाइमं तुमच्या बोटांवर, श्वासात, टेबलावर असतात. मेंदू काढून, बर्फावर कापून, द्रव नायट्रोजनमध्ये टाकेपर्यंत मला सुरुवातीला चौदा मिनिटं लागायची, पुढे सहा. पहिल्या वीस-पंचवीस वेळा वाया जाणाऱ्या प्राण्यांवर सराव करा. दुसऱ्या लॅबचे प्रयोग संपलेले असतात, त्यांचे मेंदू मागा, लोक देतात. नमुना उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवताना ट्यूबच्या झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे, न पुसणाऱ्या पेनने लिहा. झाकणं उडतात.

ट्रायझॉल या द्रावणाने आरएनए काढताना तीन थर दिसतात: वर पाणचट, मध्ये पांढुरकी साय, खाली गुलाबी. वरचाच थर घ्यायचा, आणि तोही सगळा नाही. नव्या लोकांचा हात इथे लोभी होतो. सायीला टोक लागलं की खालची घाण वर येते. मोजमापात २६० आणि २८० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो त्याचं गुणोत्तर २ च्या आसपास हवं. त्यानंतर आरआयएन, म्हणजे आरएनए किती धड आहे त्याचा १ ते १० गुणांक. ताज्या उंदराच्या मेंदूतून ८ च्या खाली आला तर स्वतःला दोष द्या आणि पुन्हा काढा.

आरएनए-सीक्वेन्सिंग महाग, म्हणून बहुतेकजण आधी क्यूपीसीआर शिकतात. त्यात सीटी नावाचा आकडा मिळतो: किती फेऱ्यांनंतर सिग्नल उंबरठा ओलांडतो. आकडा जितका कमी, तितका माल जास्त, आणि एका सीटीचा फरक म्हणजे दुप्पट. समजा सलाईनच्या नमुन्यात सी-फॉस २४ ला दिसलं आणि औषधाच्या नमुन्यात २१ ला, आणि जीएपीडीएच हे रोजचं घरकाम करणारं जनुक दोन्हीकडे १७ ला. तीन सीटी म्हणजे दोनाचा घन, आठपट. पण जीएपीडीएच औषधाच्या नमुन्यात १७ ऐवजी १६ असेल तर? एकतर तिथे माल जास्त घातला गेला, किंवा औषधाने जीएपीडीएचच हललं. पहिल्या शक्यतेत उत्तर चारपट, दुसऱ्या शक्यतेत आठपट. म्हणून एकाच घरगुती जनुकावर विसंबू नका, दोन-तीन घ्या आणि ती तुमच्या औषधाने हलत नाहीत हे आधी दाखवा. ही ओळ माझ्या पहिल्या निबंधाच्या परीक्षकाने लिहून पाठवली होती, जरा कडक शब्दांत.

सीक्वेन्सिंगच्या आकडेमोडीसाठी आर ही संगणकाची भाषा आणि तिच्यातलं डीइसेक-२ हे सॉफ्टवेअर शिका, दोन्ही फुकट आहेत. १५,००० जनुकं तपासली आणि ०.०५ ची रेषा धरली, म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोग चालवून घेतला, तर काहीच घडलेलं नसताना ७५० जनुकं "बदललेली" निघतील. त्याची दुरुस्ती सॉफ्टवेअर करतं. सकाळ-दुपारची दुरुस्ती ते करत नाही. आता मी उंदीर जोडीने करते: एक सलाईनचा, एक औषधाचा, पुन्हा एक सलाईनचा. मेंदू काढण्याची, आरएनएची, लायब्ररीची (सीक्वेन्सिंगसाठी आरएनए तयार करण्याची) क्रमवारी चिठ्ठ्या टाकून ठरवते. आणि वहीत प्रत्येक उंदरापुढे वेळ, पिंजरा, कुणी टोचलं, कुणी कापलं. बेंचवर चिकटवलेल्या त्या तक्त्याला लॅबमध्ये "पंचांग" म्हणतात.

माणसाकडे वळलं की हाच घोळ शंभरपट मोठा होतो. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंत स्किझोफ्रेनियाचे आणि निरोगी असे दोन गट करून जनुकांची तुलना करतात. पण जवळजवळ प्रत्येक रुग्णाने वर्षानुवर्षं औषधं घेतलेली असतात. मग दिसलेला फरक आजाराचा की गोळ्यांचा? शिवाय सिगारेट, मधुमेह, मृत्यू कसा आला, मेंदू किती तासांनी शीतपेटीत गेला. कॉमनमाइंड या गटाने २०१६ मध्ये २५८ रुग्ण आणि २७९ निरोगी व्यक्तींच्या मेंदूंचा कपाळामागचा भाग वाचला, तेव्हा ६९३ जनुकांत फरक निघाला, पण प्रत्येक फरक लहान, दीडपटीच्याही आतला. त्यांनी औषधं दिलेल्या माकडांच्या मेंदूंशीही ताडून पाहिलं, म्हणजे औषधाची छाया वेगळी ओळखता यावी. ही माकडांची वाट मला अत्यंत आवश्यक वाटते आणि अस्वस्थही करते. पिट्सबर्गमध्ये मकाक माकडांना दीड-दोन वर्षं हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दिलं तेव्हा त्यांच्या मेंदूचं वजन सरासरी ८ ते ११ टक्के कमी भरलं होतं. २००५ चं हे काम. रुग्णांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये आकसलेपणा दिसला की तो सगळा आजाराच्याच खात्यावर मांडता येत नाही, एवढं तरी त्याने दाखवलं.

बंगळुरूला निम्हान्समध्ये मानवी मेंदूंची पेढी आहे. तिथे काम करायला मिळालं तर सोडू नका. जिवंत रुग्णांच्या रक्तातून मूळपेशी बनवून त्यांचे न्यूरॉन करायचं आणि त्यांवर औषध घालून बघायचं कामही बंगळुरूत चालतं. त्यात निदान पेशीने आधी कुठली गोळी खाल्ली होती हा प्रश्न बराचसा सुटतो. नवे प्रश्न येतात, पण नवे तरी असतात.

मामांचं सांगायचं राहिलं. ते वीस वर्षं हॅलोपेरिडॉलवर होते, सोबत कडकपणा कमी करायची दुसरी गोळी. मी लहान असताना ते ओटीवर बसून एका हाताने दुसऱ्या हाताचा कंप दाबून धरायचे. पीएचडीला लागले तेव्हा मामीला मी उत्साहाने सांगितलं की या गोळ्यांनी मेंदूतली जनुकं बदलतात. दोन दिवसांनी तिचा फोन, घाबरलेला. "अगं, जनुकं बदलतात म्हणजे? पोरांना लागेल का ते? बंद करू का गोळ्या?"

त्या फोनने मला भाषा शिकवली. जनुकं बदलत नाहीत, त्यांचा वापर बदलतो. मी मामीला म्हटलं, फडताळातली भांडी तीच आहेत, रोज कुठली खाली उतरतात तेवढंच बदललंय. असं तर जेवणाने, झोपेने, भीतीनेही बदलतं. पोरांना त्यातून काही लागत नाही. आणि गोळी बंद करायची नाही, डोस बदलायचा तर फक्त डॉक्टर बदलतील, कारण बंद केल्यावर आजार उलटून येतो तो उंदरांच्या आकड्यांत दिसत नाही. मामी म्हणाली, "मग तसं सांगायचं की आधीच." या क्षेत्रात आलात की असे फोन येतील, नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे. उंदराच्या स्ट्रायटमवरून कुणालाही सल्ला देऊ नका.

आत यायचं कसं, हे थोडक्यात. नेट-जेआरएफ, गेट, किंवा टीआयएफआर-एनसीबीएसची जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा. जेआरएफला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनी ४२,०००. वेळेवर जमा होतील असं धरून घरभाडं ठरवू नका. पुण्यात आयसर, मुंबईत टीआयएफआर, बाहेर एनसीबीएस, निम्हान्स, मानेसरचं एनबीआरसी. पण परीक्षेआधी सहा महिने कुठेतरी प्रोजेक्ट करा. त्यासाठी ईमेल लिहावा लागतो आणि तिथेच बहुतेकजण गळतात. मॅडमना आठवड्याला वीस तरी ईमेल येतात, "मला न्यूरोसायन्सची प्रचंड आवड आहे" या वाक्याचे. त्या पुढे वाचत नाहीत.

त्यापेक्षा हे करा. जीईओ नावाच्या सार्वजनिक भांडारात बहुतेक छापील निबंधांचा मूळ डेटा फुकट असतो. ज्यांच्याकडे जायचंय त्यांचा एक डेटा उतरवा. सगळ्यात आधी टीटीआर बघा, मग डीबीपी, मग एक्सआयएसटी. हे शेवटचं जनुक फक्त मादीत चालतं, त्यामुळे ट्यूबांची अदलाबदल झाली असेल तर तिथे पकडली जाते. लॅपटॉपवर दोन संध्याकाळींचं काम आहे.

आमच्या लॅबमध्ये गेल्या वर्षी आलेली कोल्हापूरची मुलगी अशीच आली. आमच्या दुसऱ्या प्रयोगात नर-मादी दोन्ही होते. तिचा ईमेल पाच ओळींचा: तुमच्या डेटातला अकरावा नमुना नर लिहिलाय पण त्यात एक्सआयएसटी भरपूर आहे, आणि बारावा मादी लिहिलाय त्यात अजिबात नाही, हे बरोबर आहे का? मॅडमनी फ्रीजरमधून दोन्ही ट्यूब काढायला लावल्या. झाकणांवरचे आकडे बरोबर होते, अंगावरचे उलटे. भांडारात दुरुस्ती पाठवावी लागली आणि त्या मुलीला दुसऱ्या दिवशी बोलावणं गेलं. अक्षर माझं होतं.